प्रकाशाने काळवंडणारी काच : फायबर लेझरची ताकद का घटते?



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. तो माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलाने आणला. परिसर अभ्यासाचा तास चालू होता. उजेडाबद्दल बोलता बोलता लेझरचा विषय निघाला आणि त्याने विचारलं, "बाई, लेझर म्हातारा होतो का हो?"

वर्ग हसला. तो मात्र हसला नाही. त्याच्या वडिलांचं एमआयडीसीत पत्रा कापायचं छोटं वर्कशॉप आहे. फायबर लेझरचं मशीन त्यांनी कर्ज काढून घेतलंय. पूर्वी सहज कापला जाणारा जाड पत्रा आता नीट कापला जात नव्हता, खालच्या कडेला वितळलेलं लोखंड चिकटून राहत होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं, "सोर्सची पॉवर उतरली. सोर्सच बदलावा लागेल." तो खर्च लाखांत. घरात त्यावर रोज बोलणं होत असणार, ते मुलाच्या कानावर पडत होतं.

मी पटकन उत्तर देऊन मोकळी झाले, "हो रे, टॉर्चचे सेल उतरतात ना, तसंच." ते उत्तर चुकीचं होतं. मला डी.एड.ला कुणी लेझर शिकवला नव्हता, पण त्यामुळे चुकीचं उत्तर बरोबर होत नाही. घरी गेल्यावर वाचायला बसले, पुढचे काही दिवस वाचत राहिले. जे समजलं ते आपल्या मुलांना सांगता येईल अशा भाषेत इथे मांडते आहे.

१. आधी फायबर लेझर समजून घेऊ

लेझर म्हटलं की आपल्याला कारखाना किंवा दवाखाना आठवतो. पण लेझरची खूण बहुतेक घरांत आहे. सोन्याचा हॉलमार्क असलेला दागिना भिंगाखाली धरा. त्यावर सहा अक्षर-अंकांचा एक बारीक क्रमांक दिसेल, त्याला एचयूआयडी म्हणतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याच्या विक्रीसाठी तो असावाच लागतो. तो क्रमांक लेझरने कोरतात, आणि अशा कोरीव कामाच्या यंत्रांत आज फायबर लेझर सर्रास असतो.

पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवला. त्यात माणकाचा कृत्रिम स्फटिक होता. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, एलियास स्निट्झर यांनी काचेच्या तंतूत लेझर होऊ शकतो हे दाखवलं. काचेच्या तंतूतून प्रकाश वळणं घेत नेता येतो, यावर त्याआधीच काम झालं होतं. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ साली त्याबद्दलचा प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. वर्गात हे नाव जरूर सांगा.

आता फायबर लेझरची रचना बघू. मधोमध अगदी बारीक काचेचा गाभा, बऱ्याचदा दहा-वीस मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही बारीक. त्याच्याभोवती काचेचं जाड आवरण आणि वरून प्लॅस्टिकसारखा लेप. गाभ्याच्या काचेत यटर्बियम नावाच्या मूलद्रव्याचे कण मिसळलेले असतात. रसायनाच्या भाषेत त्यांना आयन म्हणतात, आपण इथे सोपेपणासाठी कण म्हणू. प्रकाश वाढवायचं सगळं काम हे कण करतात.

काम कसं चालतं?

• डायोड नावाच्या छोट्या दिव्यांचा प्रकाश फायबरच्या आवरणात सोडतात. याला पंपाचा प्रकाश म्हणतात. त्याची तरंगलांबी साधारण ९१५ किंवा ९७६ नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही.

• आवरणातून पुढे जाताना हा प्रकाश वारंवार गाभ्यातून जातो. तिथे यटर्बियमचे कण तो पितात आणि "वर चढतात", म्हणजे त्यांच्याकडे जास्तीची ऊर्जा साठते. एखादा कण साधारण एक मिलिसेकंद तसा वर बसू शकतो.

• गाभ्यातून जाणारा लेझरचा प्रकाश अशा कणाजवळून गेला की कण ती ऊर्जा त्याच प्रकाशात ओततो आणि खाली उतरतो. त्यामुळे लेझरचा प्रकाश वाढत जातो. पत्रा कापायच्या मशीनमध्ये हा प्रकाश बहुधा १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. तोही डोळ्यांना दिसत नाही.

यात ऊर्जेची गळती किती कमी आहे बघा. ९७६ चा प्रकाश आत घेतला आणि १०७० चा बाहेर दिला, तर प्रत्येक प्रकाशकणामागे सुमारे ९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते. उरलेली लेझरमध्ये येऊ शकते. म्हणूनच २००४ साली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच फायबरमधून १ किलोवॉटपेक्षा जास्त शक्तीचा स्वच्छ किरण काढून दाखवला, तेव्हा उद्योगजगताचं लक्ष तिकडे वळलं.

२. मग अडचण कुठे आली?

ताकदवान फायबर लेझर बनू लागले आणि एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. काही फायबर पहिल्या दिवशी जितकी ताकद देत, तितकी काही तासांनी देईनात. डायोड ठीक, जोड ठीक, वीज ठीक. तरी ताकद घसरलेली. फायबरचा गाभा तपासला तेव्हा कळलं, की ज्या काचेतून प्रकाश जायचा ती काचच तो प्रकाश थोडाथोडा गिळू लागली होती.

याला इंग्रजीतून आलेला शब्द आहे फोटोडार्कनिंग. आपण म्हणू, प्रकाशाने काच काळवंडणं. काच काजळीसारखी काळी होते असं समजू नका. काचेच्या आत अशा जागा तयार होतात ज्या प्रकाश शोषतात. त्यांना रंगकेंद्रं म्हणतात. ती सगळ्यात जास्त शोषतात ते अतिनील आणि दृश्य प्रकाश, पण त्यांच्या शोषणाचं "शेपूट" लेझरच्या अदृश्य प्रकाशापर्यंत पोचतं. तेवढंही पुरेसं होतं.

प्रकाशाने काचेचा रंग बदलतो ही गोष्ट तशी जुनी आहे. मँगेनीज असलेल्या जुन्या काचा वर्षानुवर्षं उन्हात राहिल्या की जांभळट होतात. मायकेल फॅरडे यांनी १८२५ साली यावर लिहिलं होतं. म्हणजे काच ही "काहीच न होणारी" वस्तू नाही. मुलांना हे ऐकून नवल वाटतं, मलाही वाटलं.

३. दहीहंडीचा दृष्टान्त

इथे एक कोडं आहे, आणि माझ्या मते या पाठाचा गाभा तोच आहे.

काचेतला इलेक्ट्रॉन त्याच्या जागेवरून हलवून असं रंगकेंद्र बनवायला मोठी ऊर्जा लागते. यटर्बियम असलेल्या काचेत त्यासाठी सुमारे २३० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. पंपाचा प्रकाश आहे ९७६ चा. तरंगलांबी जितकी मोठी तितकी एका प्रकाशकणाची ऊर्जा कमी. ९७६ भागिले २३० केलं तर उत्तर चाराच्या थोडं वर येतं. म्हणजे पंपाच्या एका प्रकाशकणाकडे लागणाऱ्या ऊर्जेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा आहे. मग हे घडतं कसं?

दहीहंडी आठवा. हंडी बांधलेली आहे चार थरांच्या उंचीवर. एकटा गोविंदा कितीही उड्या मारो, त्याचा हात पोचत नाही. पण गोविंदे एकमेकांच्या खांद्यावर चढले की हंडी फुटते. यटर्बियमचे कण एकमेकांच्या अगदी जवळ असले आणि त्यातले बरेच एकाच वेळी "वर चढलेले" असले, तर त्यांची ऊर्जा एकत्र होऊन मोठं काम करू शकते. ते काम आपल्याला नको असतं, पण होतं.

मी इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगते. या घडामोडीच्या नेमक्या पायऱ्यांबद्दल शास्त्रज्ञांमध्ये अजून पूर्ण एकमत नाही. कुणी यटर्बियमच्या आणि ऑक्सिजनच्या दरम्यान इलेक्ट्रॉन सरकतो यावर भर देतात. कुणी काचेत ऑक्सिजन कमी पडलेल्या जागांवर बोट ठेवतात. थुलियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याचा अगदी किंचित अंशसुद्धा यात हातभार लावतो असंही काहींनी दाखवलं. पण एका गोष्टीवर सगळ्यांची मोजमापं बोट ठेवतात : वर चढलेल्या कणांचं प्रमाण वाढलं की काळवंडण्याचा वेग फार झपाट्याने वाढतो. दुप्पट केलं तर दुप्पट होत नाही.

किती झपाट्याने? वेगवेगळ्या प्रयोगांत घातांक साधारण साडेतीनपासून सातपर्यंत आला. सात धरला, तर प्रमाण दुप्पट केल्यावर वेग २ गुणिले २ असं सात वेळा, म्हणजे १२८ पट. याची दुसरी बाजू आनंदाची आहे. प्रमाण निम्मं केलं तर वेग १२८ पट कमी! घातांक म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

४. थोडं काळवंडलं तर बिघडलं कुठे?

हे गणित मुलांकडून करून घ्या. ते काल्पनिक आहे, पण मुद्दा खरा आहे.

समजा, १० मीटर फायबर आहे आणि दर मीटरला २ टक्के प्रकाश गिळला जातो. मुलं लगेच म्हणतात, "२० टक्के गेला." आता पायरीपायरीने करू. १०० पैकी पहिल्या मीटरनंतर ९८ उरले. दुसऱ्या मीटरला २ टक्के जातील ते ९८ चे, म्हणून ९६.०४ उरले. असं दहा वेळा केलं की सुमारे ८१.७ उरतात. म्हणजे १८.३ टक्के गेले. दर मीटरला १ टक्का असेल तर सुमारे ९०.४ उरतात. ५ टक्के असेल तर सुमारे ५९.९. चक्रवाढ व्याजाची ही उलटी बाजू आहे, चक्रवाढ घट म्हणा हवं तर. खऱ्या लेझरमध्ये प्रकाश जाता जाता वाढतही असतो, त्यामुळे हिशोब आणखी गुंतागुंतीचा होतो. पण लांबीबरोबर तोटा साचत जातो हे लक्षात येतं.

तुलनेसाठी सांगते, आपल्या घरात इंटरनेट आणणारी चांगली फायबर एक किलोमीटर जाऊनही सुमारे ९५ टक्के प्रकाश पुढे देते. निम्मा प्रकाश कमी व्हायला तिला साधारण १५ किलोमीटर लागतात. काच इतकी स्वच्छ असू शकते, म्हणूनच मीटरमागे एखाद्या टक्क्याचा डागही मोठा ठरतो.

दुसरा तोटा उष्णतेचा. गिळलेला प्रकाश जातो कुठे? तो गाभ्यात उष्णता बनतो. केसाहून बारीक जागेत जास्तीची उष्णता साठली की काचेचे गुणधर्म किंचित बदलतात आणि खूप ताकदीच्या लेझरमध्ये किरणाचा आकार डळमळू लागतो. एकाग्र ठिपक्याऐवजी तो हलता, पसरट होतो. म्हणजे काही वेळा ताकद फारशी न घटताही किरण कामाचा राहत नाही.

शास्त्रज्ञ हे मोजतात कसं? फायबरच्या छोट्या तुकड्यावर पंपाचा प्रकाश टाकत राहतात आणि त्यातून ६३३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडून तो किती घटतो ते पाहतात. लाल प्रकाशात तोटा लेझरच्या प्रकाशापेक्षा कित्येक पट ठळक दिसतो, म्हणून ही युक्ती. आलेख काढला तर सुरुवातीला घट भराभर होते, मग मंदावते आणि शेवटी जवळजवळ स्थिर होते. नवीन पाटा पहिल्या काही दिवसांत भरभर झिजतो आणि मग बसतो, तसंच काहीसं.

५. उपाय काय?

हे उपाय तीन गटांत सांगते. प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते, तेही मुलांना सांगायला हवं. कुठलाच उपाय फुकट नसतो.

*अ) काचच चांगली बनवणं*

शुद्ध काचेत यटर्बियम नीट विरघळत नाही. जास्त घातलं की कण घोळक्याने राहतात, आणि घोळका म्हणजे थर लावायला तयार बसलेले गोविंदे. काचेत अॅल्युमिनियम मिसळलं तर यटर्बियम चांगलं पसरतं आणि घोळके कमी होतात. फॉस्फरस मिसळलं तर काळवंडणं फारच कमी होतं. पण फॉस्फरसमुळे यटर्बियमची प्रकाश पिण्याची आणि देण्याची क्षमता कमी होते आणि गाभ्याचा अपवर्तनांक वाढतो. म्हणून काही ठिकाणी अॅल्युमिनियम आणि फॉस्फरस बरोबरीने घालतात. दोघं जोडीने राहिले की अपवर्तनांक आटोक्यात राहतो.

तिसरा मदतनीस सीरियम. आपल्या जागेवरून उडालेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली रिकामी जागा, हे दोन्ही काचेत कुठेतरी अडकले तर रंगकेंद्र बनतं. सीरियम इलेक्ट्रॉन देऊही शकतं आणि घेऊही शकतं. त्यामुळे ते आधीच ही देवाणघेवाण मिटवून टाकतं. दोन मुलांचं भांडण वाढायच्या आत मधे पडणारा वर्गप्रमुख असतो ना, तसा सीरियम.

अशी काच बनवणं भारतातही होतं. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेत यटर्बियम आणि अर्बियम मिसळलेले खास फायबर बनवण्याचं काम अनेक वर्षांपासून चालू आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात फायबर लेझरवर संशोधन होतं. मोठेपणी काय व्हायचं असं विचारल्यावर मुलं डॉक्टर आणि पोलीस म्हणतात. "काच बनवणारा शास्त्रज्ञ" असंही काही असतं हे त्यांना कळू द्या.

*आ) लेझरची मांडणी बदलणं*

आपण वर पाहिलं की खरा शत्रू आहे वर चढलेल्या कणांचं जास्त प्रमाण. मग ते कमी ठेवायचं. फायबर थोडी लांब घेतली तर तेच काम जास्त कणांत वाटलं जातं आणि प्रत्येक ठिकाणचं प्रमाण उतरतं. पण लांब फायबरचे स्वतःचे तोटे असतात, म्हणून मधला मार्ग काढावा लागतो. पंपाची तरंगलांबीही महत्त्वाची. फक्त ९७६ चा पंप असेल तर साधारण निम्म्याहून जास्त कण वर चढूच शकत नाहीत, कारण तोच प्रकाश त्यांना खालीही ओढतो. ९१५ च्या पंपाला ही मर्यादा नाही, तिथे प्रमाण फार वर जाऊ शकतं. ज्या लेझरमध्ये ऊर्जा साठवून एकदम झटका देतात, त्यांत कण जास्त प्रमाणात वर बसून असतात. म्हणून तिथे ही काळजी अधिक घ्यावी लागते.

*इ) काळवंडलेली काच पुन्हा उजळणं*

हेही होऊ शकतं! फायबर काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवली तर रंगकेंद्रं नाहीशी होऊ लागतात. पण मशीनमधल्या फायबरवर लेप असतो, तो इतकी उष्णता सोसत नाही, जळतो. म्हणून हा उपाय प्रयोगशाळेतच शोभतो. दुसरा उपाय प्रकाशाचाच. ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने डाग बराच उतरतो असं प्रयोगात दिसलं आहे. एका प्रकाशाने लागलेला डाग दुसऱ्या प्रकाशाने निघतो. फायबरमध्ये हायड्रोजन वायू मुरवूनही काळवंडणं रोखता येतं.

या सगळ्या कामाचा परिणाम असा, की आज चांगल्या दर्जाच्या औद्योगिक फायबरमध्ये ही अडचण बरीच आटोक्यात आलेली आहे.

६. मग मशीनची ताकद उतरली की काच काळवंडलीच का?

नाही! आणि इथेच पालकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी असं मशीन आहे त्यांनी, थोडं थांबून वाचावं.

पत्रा नीट कापला जात नाही याची कारणं बरीच असू शकतात :

• कटिंग हेडमधली संरक्षक काच किंवा भिंग धुराने, शिंतोड्यांनी खराब होणं. हे फार नेहमीचं आहे.

• फोकस सरकणं, नोझल झिजणं, गॅसचा दाब किंवा शुद्धता कमी होणं.

• थंड पाण्याचं चिलर नीट न चालणं. डायोडचं तापमान एक अंशाने बदललं की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते. ९७६ जवळ यटर्बियमची प्रकाश पिण्याची पट्टी अरुंद आहे. डायोड तिथून सरकला की पंपाचा काही प्रकाश न पिताच वाया जातो.

• डायोड हळूहळू जुने होणं. टॉर्चच्या सेलची माझी उपमा थोडीफार लागू पडली असती तर इथेच.

• तांबं, पितळ, अॅल्युमिनियम यांच्यासारख्या चकचकीत धातूवरून प्रकाश उलटा परतून सोर्समधल्या भागांना इजा होणं.

• आणि मग, फायबरची काच काळवंडणं.

दुखणं एकच, "पॉवर उतरली", पण कारणं इतकी. ताप आला म्हणजे मलेरियाच असं आपण म्हणत नाही, आधी रक्त तपासतो. तसंच इथे आधी मोजायला हवं. सोर्समधून निघतानाची ताकद किती आणि हेडमधून बाहेर पडतानाची किती, हे पॉवर मीटरने मोजलं की दोष सोर्सच्या बाजूला आहे की पुढे, ते कळतं. हे काम माहितगार तंत्रज्ञानेच करावं. हा प्रकाश दिसत नाही, पण क्षणात डोळा कायमचा घालवू शकतो, परावर्तित झालेलासुद्धा. साध्या गॉगलने काही होत नाही, त्या तरंगलांबीसाठीचा खास चष्मा लागतो. वर्कशॉपमध्ये मुलांना मशीन चालू असताना उभं करू नका, ही हात जोडून विनंती.

मी जे वाचलं त्यातलं हे "आधी मोजा" एवढंच एका पानावर लिहून त्या मुलाच्या वडिलांकडे पाठवलं. सोबत लिहिलं, की मी काही यातली जाणकार नाही, पण सोर्स बदलायच्या आधी मोजून घ्या. त्यांनी दुसऱ्या तंत्रज्ञाकडून मोजून घेतलं. सोर्सची ताकद जवळजवळ पूर्ण होती. दोष हेडमध्ये निघाला : संरक्षक काच डागाळलेली आणि तिच्या वरचं भिंगही खराब. दोन्ही बदलली. खर्च झाला, पण हजारांत. ते शाळेत आले तेव्हा म्हणाले, "बाई, काचच काळी झाली होती, पण दुसरी काच!"

७. वर्गात काय करता येईल?

लेझर पॉइंटर वर्गात नको. खालच्या तिन्ही उपक्रमांना तो लागत नाही.

*उपक्रम १ : पाण्यातून वळणारा उजेड.* प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला खालच्या बाजूला बारीक भोक पाडा. पाणी भरा, खोलीत अंधार करा, भोकाच्या समोरच्या बाजूने टॉर्च धरा. पाण्याची धार वाकते तसा उजेड तिच्यासोबत वाकून खालच्या हातावर पडतो. एकोणिसाव्या शतकात दानिएल कोलादों यांनी जिनिव्हात हा प्रयोग लोकांना दाखवला होता. आता पाण्यात थोडी माती कालवून पुन्हा करा. हातावरचा उजेड मंदावतो. "उजेड गेला कुठे?" हा प्रश्न विचारा आणि मुलांना बोलू द्या.

*उपक्रम २ : पिवळं पडणारं वर्तमानपत्र.* वर्तमानपत्राच्या एका तुकड्याचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. दुसरा तुकडा बंद कपाटात. रोज पाहून वहीत नोंद करा. आठ-दहा दिवसांत उघडा भाग पिवळसर-तपकिरी होतो. इथे कागदातल्या लिग्निनमुळे हे घडतं, काचेत वेगळं घडतं, हे स्पष्ट सांगा. साम्य इतकंच, की प्रकाश पदार्थाला बदलतो.

*उपक्रम ३ : मैदानावरची दहीहंडी.* ३० मुलांना ६ आणि ५ अशा ओळींत उभं करा. प्रत्येकाने नाणं उडवायचं, छापा आला तर हात वर. शेजारच्या चार मुलांचा चौकोन, ज्यात चौघांचेही हात वर आहेत, असे चौकोन मोजा. एकूण चौकोन २० असतात, आणि त्यात बहुधा एखाद-दुसराच सापडतो. आता प्रत्येकाने दोनदा नाणं उडवायचं, दोन्ही वेळा छापा आला तरच हात वर. वर असलेले हात साधारण निम्मे होतात, पण पूर्ण चौकोन बहुतेक वेळा एकही सापडत नाही. निम्म्या हातांनी चौकोनांची शक्यता सोळा पट कमी होते. चार कणांची एकजूट लागणाऱ्या घटनेवर थोड्या बदलाचा एवढा परिणाम का होतो, हे मुलांना व्याख्येशिवाय समजतं. माझ्या वर्गाने हा खेळ सात-आठ वेळा खेळून आकडे फळ्यावर लिहिले.

विचार करायला प्रश्न

१. पंपाच्या प्रकाशाची तरंगलांबी मोठी असूनही काच कशी काळवंडते? दहीहंडीच्या भाषेत सांगा.

२. दर मीटरला ३ टक्के प्रकाश गिळला गेला तर ५ मीटरनंतर १०० पैकी किती उरेल? पायरीपायरीने काढा.

३. लांब फायबर घेतल्याने काळवंडणं कमी का होतं?

४. घरातली एखादी वस्तू नीट चालत नाही, तेव्हा ती बदलण्याआधी तुम्ही काय काय तपासाल? यादी करा.

शेवटी

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात उभी राहून सांगितलं, "त्या दिवशी मी सेलची गोष्ट सांगितली ना, ती चूक होती. मी विचार न करता बोलले." पाचवीच्या मुलांना बाई चुकू शकतात हे माहीत असतं. बाई ते कबूल करतात हे मात्र त्यांनी फार वेळा पाहिलेलं नसतं. मग आम्ही दहीहंडीचा खेळ खेळलो. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने शेवटी स्वतःच उत्तर दिलं : "बाई, लेझर म्हातारा होत नाही. त्याच्या काचेला त्याचाच उजेड लागतो."

उजेड लागतो. ऊन लागावं, नजर लागावी, तसा. हे वाक्य मी माझ्या टाचणवहीत लिहून ठेवलंय.

हा पाठ तुमच्या वर्गाला जुळेल तसा कमी-जास्त करून जरूर वापरा. आणि कुठल्या मुलाने असा काही अवघड प्रश्न विचारला तर माझ्यासारखं घाईने उत्तर देऊ नका. "उद्या बघून सांगते" हेही चांगलं उत्तर आहे, फक्त दुसऱ्या दिवशी खरंच बघून सांगायचं.